जेद्दाचा पल्ला

मुंबईहून जेद्दाचे हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने सकाळी सहाला निघालेला हाजी तिथल्या नऊला उतरतो. घड्याळाच्या हिशेबाने तीनच तास!

१९९५ पर्यंत हाच प्रवास आगबोटीनेही होत असे. तो मार्ग सुमारे २,३०० सागरी मैलांचा, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरच्या आसपास. नकाशावर बोट फिरवले की फरक कळतो. विमान ओमान आणि अरबस्तानचे वाळवंट ओलांडून जवळजवळ सरळ जाते. आगबोटीला मात्र दक्षिणेकडून एडनचा वळसा घेऊन, बाब-अल-मंदबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागे आणि मग उत्तरेकडे वळावे लागे.

मोगल काळात हाजींचे बंदर सुरत होते. एकोणिसाव्या शतकात तो मान मुंबईकडे आला. १८७७ मध्ये इथे बाँबे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. पुढे लोक तिला ‘मोगल लाइन’ म्हणूनच ओळखू लागले. देशभरातले हाजी मुंबईत जमत आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत. सोबत शिधा, भांडी, वळकट्या. जुन्या बोटींना बारा-पंधरा दिवस लागत. वाटेत कामरान बेटावर विलगीकरण, अंघोळी, कपड्यांना वाफ. कोणी दगावला तर जनाजाची नमाज डेकवरच होई आणि मय्यत समुद्राच्या स्वाधीन केली जाई. त्या प्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही आठवावे.

पण डेकचे तिकीट गरिबाच्या आवाक्यातले होते, हेही तितकेच खरे. बोटी बंद झाल्या आणि विमानाशिवाय मार्ग उरला नाही. भाड्यावरचे सरकारी अनुदान टप्प्याटप्प्याने संपवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी सागरी मार्ग पुन्हा सुरू करण्याविषयी सौदी सरकारशी बोलणीही झाली. अनुदान गेल्याचे दुःख मला नाही. त्याच्या नावाने आपल्याला ऐकून घ्यावे लागणारे टोमणे तरी थांबले. स्वस्त मार्ग गेला, याचे मात्र आहे.

दुसरा बदल मीकातचा. या सीमेपूर्वी एहराम बांधावा लागतो. बोट यलमलमच्या समोर आली की भोंगा वाजे. तोवर एकाच डेकवर कित्येक दिवस काढलेली माणसे न्हाऊनधुऊन तयार असत आणि लब्बैकचा पुकार सुरू होई. विमान पूर्वेकडून येते, तेव्हा वाट कर्न-अल-मनाजिलच्या बाजूची, आणि ती सीमा काही क्षणांत मागे पडते. म्हणून थेट जेद्दाला जाणारे मुंबईकर हाजी एहराम विमानतळावर नाहीतर घरीच बांधतात. डोंगरी-नागपाड्याच्या चाळींत दोन पांढऱ्या चादरींतला माणूस जिना उतरू लागला की शेजारपाजारचे दारात येतात, दुआ करायला सांगतात, आणि खाली टॅक्सीवाला सामान ठेवून मीटर टाकतो.