एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

आमच्या मराठी विभागात एकच धड संगणक आहे. अंतर्गत गुणांच्या याद्या त्यावर असतात, आणि १९९०च्या दशकातील वार्षिकांकांच्या फायलीही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या या फायलींत खरे तर मराठी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धे दंड असे तुकडे बसवलेले आहेत. तो फॉण्ट नसला की कवितेचा निव्वळ रोमन कचरा होतो. आमच्याकडची अक्षरजुळणीची आज्ञावली विंडोज एक्सपीवरच चालते, आणि एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४मध्ये थांबली. अशा पाहुण्याला गुणयाद्यांच्या शेजारी उतरवावे कसे?

पहिला मार्ग वाटणीचा: डिस्कचे दोन भाग, दोन कार्यप्रणाली, आणि सुरू करताना एकीची निवड. यात एक बिऱ्हाड झोपलेले असताना दुसरे त्याच्या खोल्यांत सहज शिरू शकते. मी तर वाटणी करतानाच चुकीचा भाग पुसला आणि एका सत्राचे गुण उत्तरपत्रिकांवरून दोन रात्री बसून पुन्हा भरले.

दुसरा मार्ग आभासी यंत्राचा. तो नव्या पिढीचा शोध आहे असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, आयबीएमच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट क्रीसी यांच्या गटाने १९६४च्या अखेरीस 'सीपी-४०' हाती घेतली. जानेवारी १९६७मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. एका यंत्रावर चौदा आभासी यंत्रे, आणि प्रत्येकाचा समज असा की सारा वाडा आपलाच. हेतू सुरक्षेचा नव्हता. महागडे यंत्र वाटून वापरायचे होते. पण एका भाडेकरूची कार्यप्रणाली कोसळली तरी बाकीचे तेरा निर्धास्त, हा गुण आपसूक पदरात पडला. १९७२च्या 'व्हीएम/३७०'वर कित्येक संस्थांनी जुनी कार्यप्रणाली नवीच्या शेजारी चालवून स्थलांतर उरकले. म्हणजे माझी अडचण पन्नास वर्षे जुनी!

आपल्या टेबलावर हे यायला उशीर का झाला? पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४मध्ये अट मांडली: यंत्राच्या मर्मस्थानाला हात घालणारी प्रत्येक आज्ञा अडून कारभाऱ्यापाशी आली पाहिजे. इंटेलच्या घराण्यातील काही आज्ञा न अडता, निमूटपणे वेगळेच काही करून जात. १९९९मध्ये व्हीएमवेअरने अशा आज्ञांचे चालता चालता भाषांतर करून वाट काढली (अनुवादाच्या अभ्यासकांनी याची दखल घ्यायला हरकत नाही). २००५पासून इंटेलने ती सोय प्रक्रियकातच दिली, आणि २००७मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची मुक्त आवृत्ती आली.

भिंत मात्र अभेद्य नाही. २०१५मध्ये 'व्हेनम' नावाचा दोष उघड झाला. क्यूएमूमध्ये फ्लॉपी-नियंत्रकाची नक्कल करणारा जो भाग होता त्यात तो २००४पासून दडून होता, आणि त्यातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरणे शक्य होते. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते. बंद केली तरी काही ठिकाणी तो भाग जागाच राही. एरवी मात्र भिंतीला भोके आपणच पाडतो: सामायिक फोल्डर, दोन्हीकडे चालणारे कॉपी-पेस्ट, उगाच जोडलेले इंटरनेट. आभासी यंत्र घेतले म्हणून निश्चिंत होणारे सहकारी मी पाहिले आहेत. त्यांना हे सांगितले की ते हसतात.

आमच्या एक्सपीला जाळ्याची जोडणी नाही. सामायिक फोल्डर एकच, तोही फक्त वाचण्यापुरता. त्यातून जुन्या फायली आत जातात. आज्ञावली बसवल्यावर त्या स्थितीची नोंद करून ठेवली आहे, दर वेळी काम संपले की तिथेच परततो. आतली पाने पडद्यावर वाचून विद्यार्थी बाहेर युनिकोडमध्ये पुन्हा टंकतात. काम रेंगाळते, पण १९९४ आणि १९९५चे अंक पुरे झाले. गुणयाद्यांची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवर, कपाटात असते.