रविवारचा वर्ग

शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा काढणाऱ्यांची नावं घेतो. वर्ग किती वाजता भरायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. नोकरी आणि लेकरं सांभाळून शिकणाऱ्याचा मात्र पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं संमंत्रक होते आणि रविवारी शिकवायचे. त्यामुळे मला हा सगळा इतिहास वेळापत्रकाकडूनच दिसतो.

१८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवेलागणीनंतरच मोकळा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन सुरू झालं, तेव्हा प्रौढ बायकांचे वर्ग दुपारी ठेवले गेले. जेवणं उरकून भांडी पालथी पडली की संध्याकाळच्या चुलीपर्यंतचा वेळ तेवढा बाईचा असे.

पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगे. विधवा, पदरी एक मुलगा. शिकण्यासाठी त्यांना कोकणातलं घर सोडून पुण्याला यावं लागलं. शिकून त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात कामाला लागल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, आणि पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. बाई विलक्षणच. पण घर सोडल्यावाचून शिकता येत नाही अशी व्यवस्था असेल, तर हजारांतली एखादीच शिकणार.

पदवीच्या पातळीवर वेळेची अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेरली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी भरवले. सकाळी शिकायचं आणि नंतर कामावर जायचं. कमावणाऱ्या माणसाला पदवीची वाट या एका निर्णयाने मोकळी झाली.

मग १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद भूषवलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम होता, पुस्तकं घरी वाचायची आणि संपर्कसत्रं सुट्टीच्या दिवशी. दहावीनंतर लग्न झालेल्या बाईला बी.ए.पर्यंत पोचता येईल असा रस्ता प्रथमच तिच्या तालुक्यात आला.

आमच्या वर्गात एक अंगणवाडी सेविका येत. बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. आई मागच्या बाकावर गृहपाठ उतरवून घेई, मुलगी शेजारी पाटीवर घरं काढी. पाचची एसटी चुकली तर मुक्कामाची पंचाईत, म्हणून मी त्यांचे प्रश्न आधी घ्यायचे. पदवी असली की मुख्यसेविका होण्याची वाट खुली होते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. परीक्षेच्या दिवशी नवरा पोरीला घेऊन वडाखाली तीन तास बसून राहिला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण घरातलं कुणीतरी असं बसायला तयार होतं तेव्हाच आमच्याकडच्या आयांचे पेपर पूर्ण झाले. अभ्यासात हुशार असूनही दुसऱ्या वर्षाला गळालेल्या काही जणी मला आठवतात. त्यांना गणित किंवा इंग्रजी अवघड गेलं नव्हतं. रविवारी मूल कुणी घेईना, एवढंच झालं होतं.

आता व्याख्यानं मोबाइलवर आली आहेत. रात्री मूल झोपल्यावर ऐकता येतात, ही फार मोठी सोय आहे. पण त्यापायी समोरासमोरचा रविवारचा वर्ग बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. घरात बसलेल्या आईला कुणी मोकळी समजत नाही. वर्गाला निघालेल्या आईचा वेळ मात्र घर मान्य करतं.

तेव्हा प्रवेशाचा विचार करणाऱ्या आईबापांना माझं सांगणं: त्या शिक्षणक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, ते आधी बघा. तुमच्या खात्यात बढतीला नेमकी कोणती पदवी चालते, ते आस्थापना विभागात विचारून घ्या. मग केंद्रावर जाऊन संपर्कसत्रांचं वेळापत्रक मागा, ते घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा, आणि त्या रविवारी मुलांकडे कोण बघणार हे ठरवूनच फी भरा.