यादीबाहेरची पुडी

कॅन्सस सिटीत स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेला कॅन्सस राज्य, पूर्वेला मिसूरी. रस्ता ओलांडला की विक्रीकर बदलतो, दारूविक्रीचे नियम बदलतात. या रस्त्याच्या कॅन्ससकडच्या बाजूला एका औषधाच्या दुकानात मी फार्मसिस्ट होते. २०१० साली एका राज्याचा कायदा रस्त्याच्या मधोमध कसा संपतो, ते मला काउंटरमागून पाहायला मिळालं.

माल होता ‘के-टू’. चकचकीत पाकिटात तीनेक ग्रॅम वाळका पाला, किंमत वीस-तीस डॉलर, आणि वर छापलेलं की हा धूप आहे, सेवनासाठी नाही. देवापुढे लावायला तो कुणी नेत नव्हतं. गिऱ्हाईक होतं कॉलेजची पोरं आणि ज्यांची लघवी दर महिन्याला तपासली जाते अशी माणसं: पॅरोलवरचे कैदी, सैनिक. कारण तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत हे सापडतच नसे. पाल्यात काही दम नव्हता. त्यावर अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवलेली एक पावडर फवारलेली असे.

त्या पावडरीचं नाव जेडब्ल्यूएच-०१८. ही आद्याक्षरं साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन डब्ल्यू. हफमन यांची. गांजातला टीएचसी मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांवर काम करतो त्यांचा अभ्यास करायला त्यांच्या प्रयोगशाळेने सरकारी निधीतून शेकडो रेणू बनवले आणि त्यांच्या कृती शोधपत्रिकांत रीतसर छापल्या. हे वाचणारे सगळेच संशोधक नव्हते. २००८च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या एका प्रयोगशाळेने युरोपात विकल्या जाणाऱ्या ‘स्पाइस’च्या पाकिटात हाच रेणू ओळखला, आणि पुढच्या वर्षी तो आमच्या भागात येऊन पोचला. टीएचसी त्या रिसेप्टराला अर्धवट चालना देतो, जेडब्ल्यूएच-०१८ पूर्ण. सेंट लुइसचे विषतज्ज्ञ डॉ. अँथनी स्काल्झो यांच्याकडे धडधडणाऱ्या छातीची, रक्तदाब चढलेली, भास होणारी मुलं येऊ लागली, तेव्हाच त्यांना हा साधा गांजा नव्हे हे कळलं.

कॅन्ससने हात लवकर उचलला. मार्च २०१०मध्ये गव्हर्नर मार्क पार्किन्सन यांनी सही केली आणि के-टूवर बंदी घालणारं हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. (तसं हे राज्य या बाबतीत तत्परच. त्याच्या बंदीच्या यादीत धोतराही आहे. महाशिवरात्रीला धोतऱ्याचं फूल कुठून आणायचं हा प्रश्न इथल्या मराठी घरांत त्यामुळे निकालात निघाला.) पण यादीत गेले ते ठरावीक रेणू, नावानिशी. फौजदारी कायद्याचं तसंच असतं. काय केलं तर तुरुंग, हे माणसाला आधी वाचता आलं पाहिजे. आणि तो कायदा स्टेट लाइन रोडपर्यंतच. मिसूरीचा कायदा २८ ऑगस्टला लागू झाला. मधल्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या दुकानांची चंगळ होती.

मिसूरीची बंदी येते न येते तोच फळीवर ‘के-थ्री’ आलं. ओळखीचे एक गुजराती पेट्रोल पंपवाले मला फोटोकॉपी दाखवत म्हणाले, “बेन, रिपोर्ट एकदम क्लीन छे.” घाऊक व्यापारी मालाबरोबर प्रयोगशाळेचा कागदच देत असे: बंदीतला कुठलाही पदार्थ आढळला नाही. कागद खोटा असेलच असं नाही. मला राग आला तो त्याच्या खरेपणाचा. मी त्यांना विचारलं, काय नाही ते लिहिलंय, काय आहे ते कुठे लिहिलंय? ते हसले, पण पुढच्या खेपेला त्यांच्याकडे ती पाकिटं दिसली नाहीत.

जेडब्ल्यूएच-०१८च्या शेपटीला पाच कार्बन. एक काढला की जेडब्ल्यूएच-०७३. पाच तसेच ठेवून टोकाला फ्लोरिन लावला की एएम-२२०१. पोरखेळच. म्हणून २०११मध्ये कॅन्ससने एकेक नाव लिहायचं सोडून रेणूंची घराणीच बंदीत घातली: इंडोलचा अमुक सांगाडा, त्यावर तमुक जोड, शेपटी कोणतीही असो. मला हे कलम वाचताना बी. फार्म.चा पेपर आठवला. आमदारांनी ते वाचून मत दिलं असेल का, देव जाणे. त्याच वर्षी लुइझियानात गव्हर्नर बॉबी जिंदल यांच्या सरकारने ‘बाथ सॉल्ट’ नावाने विकल्या जाणाऱ्या उत्तेजकांवर जानेवारीतच तातडीच्या नियमाने बंदी आणली. केंद्रीय अमली पदार्थविरोधी यंत्रणा डीईए, तिची पाच रेणूंवरची तात्पुरती बंदी १ मार्च २०११ची, आणि संसदेचा कायदा जुलै २०१२चा. राज्यं पुढे आणि वॉशिंग्टन मागून, असा तो क्रम.

भारतात हे शक्यच नव्हतं. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत नाव घालायचा अधिकार दिल्लीकडे. त्या बाथ सॉल्टमधलाच एक रेणू, मेफेड्रोन, मुंबईत ‘एमडी’, ‘म्याऊ म्याऊ’ म्हणून विकला जात होता. पोलिसांना पुडी दिसे, पण तिला लावायला एनडीपीएसचं कलम नसे. अधिसूचना निघाली फेब्रुवारी २०१५मध्ये.

इथे अमेरिकेत संसदेच्या कायद्यालाही पळवाट फुटलीच. एएम-२२०१मधलं इंडोल आणि शेपटी तीच, पण त्यातल्या नॅफ्थलीनच्या जागी कार्बनची छोटी तिकोनी कडी बसवली, झाला एक्सएलआर-११. २०१२मध्ये सहा राज्यांत मिळून सोळा जणांची मूत्रपिंडं अचानक निकामी झाली, त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हा सापडला. गांजाने मूत्रपिंड गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग २०१८चा वसंत. इलिनॉयमध्ये लोक नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातंय म्हणून इस्पितळात येऊ लागले. दीडशेवर माणसं, काही दगावली. पाल्यावर ब्रोडिफॅकूम होतं, म्हणजे उंदराचं विष, जे यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवू देत नाही आणि शरीरात महिनोन् महिने टिकतं. मादक पदार्थांच्या कुठल्याही यादीत ते नव्हतं, असायचं कारणही नाही. उतारा म्हणजे व्हिटॅमिन के१, पाच मिलिग्रॅमची गोळी. एरवी एखाददुसरी पुरते. या रुग्णांना दिवसाला कितीतरी लागत, घरी गेल्यावरही कित्येक आठवडे. आणि तेव्हा अमेरिकेत ती गोळी भलतीच महाग होती.