इंटरनेटवरची गंमत शेअर करताना: लिंक, स्क्रीनशॉट आणि हरवणारा पत्ता

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर दर शुक्रवारी मी इंटरनेटवर सापडलेली एक गमतीशीर गोष्ट टाकतो. कधी विचित्र वेबसाइट, कधी जुना नकाशा, कधी कुणाचा तरी भन्नाट संग्रह. कॉलेज संपल्यापासून हे चालू आहे. गेल्या दिवाळीत एका मैत्रिणीने विचारलं, "ते एसटीच्या जुन्या छापील तिकिटांचं पान टाकलं होतंस ना, ते परत पाठव. बाबांना दाखवायचंय, ते कंडक्टर होते."

मी शोधलं तर तीन स्क्रीनशॉट सापडले. लिंक मी टाकलीच नव्हती. फोटो छान दिसावेत म्हणून वरची पट्टी कापून टाकली होती, आणि ती तिकिटं ज्यांनी वर्षानुवर्षं जमवून स्कॅन केली त्यांचं नाव नेमकं त्या पट्टीत होतं. बरंच सर्च केलं, पान काही मिळालं नाही. पुढे महिन्याभरातच त्यातला एक फोटो भलत्याच ग्रुपमधून माझ्याकडे आला. खाली लिहिलं होतं, "माझ्या आजोबांचा संग्रह". फोटोची कापलेली कड मी लगेच ओळखली, कारण ती मीच कापली होती.

त्या रात्री ग्रुपमधल्या माझ्या जुन्या लिंक उघडून बघितल्या. बऱ्याच बंद पडल्या होत्या. असं का होतं आणि आपल्या हातात काय आहे, ते या लेखात बघू.

लिंक म्हणजे पत्ता, वस्तू नाही

लिंक पाठवतो तेव्हा आपण ती गोष्ट पाठवत नाही, ती कुठे आहे त्याचा पत्ता पाठवतो. समोरचा लिंक दाबतो, त्याचा ब्राउझर त्या सर्व्हरकडे जातो आणि तिथे त्या क्षणी जे असेल ते आणतो.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराची 'फिश डोअरबेल', म्हणजे माशांसाठी दारावरची बेल. वसंतात मासे अंडी घालायला कालव्यांमधून वर जातात, पण वाटेत वेर्डस्लाउस नावाचं जलद्वार बंद असतं. 2021 पासून तिथे पाण्याखाली कॅमेरा लावलाय. जगभरातले लोक त्याचं थेट चित्रण बघत बसतात आणि मासा दिसला की स्क्रीनवरचं बटण दाबतात. मासे जमलेत असं कळलं की दार उघडलं जातं. पण हे सगळं फक्त माशांच्या हंगामात. तुम्ही लिंक एप्रिलमध्ये पाठवली आणि कुणी ती ऑक्टोबरमध्ये उघडली, तर पत्ता बरोबर असूनही मासे दिसणार नाहीत. म्हणून लिंकसोबत एक ओळ लिहावी: हे काय आहे आणि कधी बघायचं.

प्रिव्ह्यू चालू आहे म्हणजे पान चालू आहे असं नाही

लिंक टाकली की खाली चित्र, शीर्षक आणि दोन ओळी दिसतात. ही माहिती पानाच्या कोडमध्ये लपलेल्या खास टॅग्जमधून येते. त्या पद्धतीला 'ओपन ग्राफ' म्हणतात. फेसबुकने ती 2010 मध्ये आणली आणि आज बहुतेक ॲप्स ती वापरतात.

व्हॉट्सॲपमध्ये हा प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजसोबत जातो. म्हणजे तो पाठवतानाच्या क्षणाचा फोटो असतो. नंतर पान बदललं, बंद पडलं, तरी चॅटमध्ये जुनं चित्र तसंच राहतं. माझ्या ग्रुपमध्ये हेच झालं होतं. वर स्क्रोल केलं की सगळं जिथल्या तिथे वाटायचं, आणि दाबलं की काहीच उघडायचं नाही.

लिंक का मरतात?

कारणं साधी असतात. होस्टिंगचे पैसे भरले गेले नाहीत. साइटची नव्याने रचना झाली आणि जुने पत्ते तुटले. फुकट सेवा देणाऱ्या कंपनीने दुकान बंद केलं. ऑक्टोबर 2009 मध्ये याहूने अमेरिकेतली जिओसिटीज बंद केली तेव्हा हौशी लोकांनी घरबसल्या बनवलेली लाखो पानं एकदम गेली.

हे प्रमाण किती? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2013 मध्ये असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

दुसरं उदाहरण जास्त मजेशीर आहे. 2005 मध्ये ॲलेक्स ट्यू या ब्रिटिश तरुणाने 'मिलियन डॉलर होमपेज' काढलं. एकच पान, त्यावर दहा लाख पिक्सेल आणि एका पिक्सेलचा भाव एक डॉलर. सगळे विकले गेले. ते पान आजही उभं आहे. पण 2017 मध्ये हार्वर्डच्या लायब्ररी इनोव्हेशन लॅबने त्यावरच्या 2,816 लिंक तपासल्या, तेव्हा 547 अजिबात उघडल्या नाहीत आणि 489 भलत्याच डोमेनवर किंवा डोमेन विकणाऱ्या पानावर जात होत्या.

हे 489 महत्त्वाचे आहेत. डोमेनचं नाव नूतनीकरण केलं नाही की ते बाजारात येतं आणि कुणीही विकत घेऊ शकतं. कालची बालगीतांची साइट उद्या जुगाराची होऊ शकते, आणि तुमच्या जुन्या मेसेजमधला प्रिव्ह्यू मात्र बालगीतांचाच दिसत राहतो. फॅमिली ग्रुपवर जुनी लिंक परत फॉरवर्ड करण्याआधी स्वतः उघडून बघा, ते यासाठी.

लिंक छोटी करणाऱ्या सेवांमध्ये धोका दुप्पट होतो. मूळ साइट जिवंत असूनही मधला दुवा मेला तर पोचता येत नाही. गूगलने स्वतःची अशी सेवा 2018 मध्ये गुंडाळायला घेतली. जागा फार कमी नसेल तर पूर्ण लिंकच द्यावी.

लिंकची शेपटी कापा, पण बघून

शेअर बटण दाबून आलेल्या लिंकमध्ये बऱ्याचदा प्रश्नचिन्ह असतं आणि त्यापुढे अक्षरांची लांब शेपटी. यातला बराच भाग पत्त्याचा नसतोच. 'यूटीएम' ने सुरू होणारे तुकडे क्लिक कुठून आलं ते मोजण्यासाठी असतात. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबही आपापल्या खुणा जोडतात. एकाच लिंकच्या दहा वेगळ्या शेपट्या असल्या की ग्रुपमध्ये ही आधी कुणी टाकलीय का, हे सर्च करूनही कळत नाही.

पण सरसकट प्रश्नचिन्हापुढचं सगळं उडवू नका. यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओचा क्रमांक प्रश्नचिन्हानंतरच येतो. तो उडवला तर व्हिडिओच गेला. सोपा नियम असा: शेपटी कापा, उरलेली लिंक इनकॉग्निटो विंडोत उघडा, बरोबर उघडली तर पाठवा. याचा आणखी एक फायदा आहे. लॉगिन केल्याशिवाय दिसत नाही असं पान असेल तर ते आत्ताच कळतं, नंतर दहा जण "उघडत नाही रे" म्हणण्याआधी.

मोठ्या लेखातला एकच परिच्छेद दाखवायचा असेल तर क्रोममध्ये तो सिलेक्ट करून 'कॉपी लिंक टू हायलाइट' वापरा. उघडणारा थेट त्या ओळीवर पोचतो.

देवनागरी लिंक आणि टक्क्यांची माळ

मराठी विकिपीडियाची लिंक कॉपी करून चिकटवली की टक्क्यांची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची भलीमोठी माळ येते. माझ्या काकांना तो व्हायरस वाटला होता. तसं काही नाही. वेबच्या पत्त्यात मुळात मोजकीच चिन्हं चालतात. म्हणून देवनागरी अक्षरं आधी यूटीएफ-8 मध्ये बाइट्स होतात, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. देवनागरीतल्या एका चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे नऊ अक्षरं. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हं आहेत, त्याची झाली 36 अक्षरं. लेखाचं नाव जरा लांब असेल तर कल्पना करा.

ही माळ अर्धी कापू नका, पान उघडणार नाही. विकिपीडियाच्या लेखांसाठी विकिमीडियाचंच लिंक छोटी करण्याचं साधन आहे, तिथे ते वापरायला हरकत नाही. आणि लिंकच्या वर मराठीत लिहा की हा अमुक विषयावरचा लेख आहे. घाबरणारे काका उघडून बघतील.

स्क्रीनशॉट आणि फोटोत काय हरवतं?

स्क्रीनशॉटचे फायदे आहेतच. तो पटकन दिसतो आणि मूळ पान गेलं तरी राहतो. पण पत्ता, तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि सर्च होणारा मजकूर हे सगळं तो टाकून देतो.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं, आणि फोटोच्या फाइलमध्ये असलेली कॅमेरा, तारीख, जागा ही माहितीही निघून जाते. खाजगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण जुन्या कागदाचं स्कॅन किंवा नकाशा पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. मात्र स्वतःच्या घरी काढलेला फोटो तसा पाठवू नका, त्यात घराचं ठिकाण असू शकतं.

स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर दोन गोष्टी पाळा. नाव कापू नका, आणि खाली लिंक द्या. अपवाद एकच. एखाद्या साध्या माणसाच्या खाजगी पोस्टची गंमत करायचा मोह होत असेल तर ती शेअरच करू नका. आपल्याला पाच मिनिटांचं हसू मिळतं, पण त्या माणसाचं नाव कुठपर्यंत फिरेल यावर आपला ताबा राहत नाही.

मूळ शोधायचं कसं?

फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा जास्त हातांमधून आलाय. एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे गोष्ट खोटी असं नाही, पण मूळ नक्कीच दूर राहिलंय.

चित्र असेल तर गूगल लेन्स किंवा टिनआय वापरा. टिनआयमध्ये सगळ्यात जुनं आधी, असा क्रम लावता येतो. ती तारीख त्यांना ते चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, चित्र काढल्याची नाही. तरी 'आज सकाळी काढलेला फोटो' सहा वर्षं जुना निघाला तर लगेच कळतं. व्हिडिओ असेल तर त्यातली एक स्पष्ट चौकट घेऊन हेच करा.

प्रत जपून ठेवा

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केली. तिचं 'वेबॅक मशीन' 2001 पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यात पानाचा पत्ता टाकला की त्या पानाच्या जुन्या प्रती तारखांनुसार दिसतात. शिवाय 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकला तर आजची प्रत तिथे जमा होते, खातं लागत नाही. लॉगिनमागची पानं आणि बरीचशी सोशल मीडिया पोस्ट मात्र नीट जतन होत नाहीत. गूगलने सर्चमधल्या कॅश लिंक 2024 मध्ये काढून टाकल्या, त्यामुळे आता हाच मोठा आधार आहे.

पण वेबॅक मशीनमध्ये शोधायला पत्ता लागतो. तिकिटांच्या पानाची प्रत कदाचित तिथे असेलही. माझ्याकडे पत्ता नाही, साइटचं नाव नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. लेन्सवर शोधलं तर माझ्याच कापलेल्या फोटोच्या प्रती मिळाल्या.

आता मी काय करतो

1. मूळ पान शोधतो, फॉरवर्ड झालेली प्रत नाही.
2. शेपटी कापून लिंक इनकॉग्निटोमध्ये उघडून बघतो.
3. वेबॅक मशीनमध्ये पान सेव्ह करतो.
4. ग्रुपवर लिंक टाकतो, सोबत एका ओळीत काय, कुणी केलंय आणि मला ते का आवडलं.
5. तारीख, लिंक, नाव आणि सेव्ह केलेल्या प्रतीचा पत्ता एका स्प्रेडशीटमध्ये लिहितो.

या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात.

मैत्रिणीच्या बाबांना शेवटी तेच तीन स्क्रीनशॉट दाखवले. त्यांनी तिकिटांचे रंग बरोबर ओळखले, कुठलं किती पैशांचं तेही सांगितलं. मग विचारलं, "एवढी जपून कुणी ठेवली? त्यांच्याशी बोलता आलं तर बघ ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही हे वाचत असाल आणि एसटीच्या जुन्या तिकिटांचं असं पान तुमच्या बघण्यात असेल, तर कमेंटमध्ये लिंक नक्की टाका. स्क्रीनशॉट नको.