कलाभवन आणि कारखाना : बडोद्याची एक परंपरा

विद्यापीठातील संशोधक आणि उद्योजक यांनी हातात हात घालून काम करावे, असा आग्रह अलीकडे वारंवार ऐकू येतो. परदेशांतून आलेली ही नवी कल्पना आहे, असाच त्या बोलण्याचा सूर असतो. आम्हा जुन्या बडोदेकरांना मात्र ती नवी वाटण्याचे कारण नाही. आमच्या नगरीत तिचे बीज 1890 मध्ये पडले आणि त्याचे नाव कलाभवन.

त्या काळची परिस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखाने भरभराटीस येत होते. मंजिष्ठेपासून निघणारा लाल रंग प्रयोगशाळेत तयार होऊ लागला होता, आणि पुढे 1897 मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. पिढ्यान्‌पिढ्या वनस्पतींपासून रंग काढणाऱ्या आपल्या रंगाऱ्यांवर हे मोठेच संकट होते. बडोदे कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ते ओळखले. नव्या रंगांना केवळ विरोध करून भागणार नाही, त्यांचे शास्त्र आपल्या कारागिराच्या हाती द्यावे लागेल, अशी त्यांची धारणा होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी या विचाराला राजाश्रय दिला. कलाभवनात रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला इत्यादी विषय शिकविले जाऊ लागले. शिक्षणाचे माध्यम देशी भाषा असावे, हा गज्जरांचा आग्रह होता. हातात कसब आहे परंतु इंग्रजी येत नाही, अशा मुलालाही दार उघडे राहावे, हा त्यामागील हेतू. पुढे चित्रपटमहर्षी म्हणून कीर्ती पावलेले दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले.

1896 मध्ये गज्जरांनी बडोदे सोडले. मुंबईत त्यांनी अध्यापन केले, स्वतःची रसायनशाळा काढली आणि विद्यार्थ्यांना औद्योगिक रसायनाच्या मार्गास लावले. त्यांच्या शिष्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन या दोघांनी, गुरूंना सोबत घेऊन, 1907 मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी केली. औषधी अर्क आणि मद्यार्क यांपासून तिने आरंभ केला. अलेंबिक म्हणजे अर्क काढण्याचे भांडे. प्रयोगशाळेतील उपकरणाचे नाव कारखान्याने धारण करावे, यात त्या काळचा सारा विचारच प्रकट होतो. मराठी राजा, गुजराती गुरू आणि दोन्ही भाषांच्या घरांतील शिष्य अशी ती जोडणी होती.

बडोद्यातच या कथेचा आणखी एक अध्याय घडला. 1950 मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, आणि 1969 मध्ये बडोद्यानजीकच्या पेट्रोरसायन प्रकल्पासाठी आयपीसीएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पॉलिएस्टर धाग्यासाठी लागणारे पॅराझायलीन अधिक प्रमाणात मिळावे, याकरिता पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एन्सिलाइट हे झिओलाइट जातीचे उत्प्रेरक सिद्ध केले. असोसिएटेड सिमेंट कंपनीने त्यात सहभाग घेतला, आणि 1980च्या दशकाच्या मध्यास आयपीसीएलने ते आपल्या चालू संयंत्रात वापरले. ही शेवटची पायरी आम्हास सर्वांत मोलाची वाटते. काचेच्या नळीत यशस्वी झालेला प्रयोग कोट्यवधी रुपयांच्या यंत्रात घालून पाहण्याचे धाडस कोणी तरी प्रथम करावे लागते. संशोधन बहुधा अडते ते तेथेच, कारण परदेशी कंपनीचे सिद्ध उत्प्रेरक विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही. देशी उत्प्रेरक फसले, तर मात्र त्याची सुटका नाही.

या दोन प्रसंगांत जवळजवळ शतकाचे अंतर असले, तरी त्यांतून निघणारा बोध एकच. प्रश्न उद्योगाच्या गरजेतून यावा, त्याचे उत्तर शोधण्याचे स्वातंत्र्य संशोधकास असावे, आणि पहिल्या प्रयोगाची जोखीम दोघांनी वाटून घ्यावी. करारपत्रे आवश्यक खरीच, परंतु ज्ञान कागदावरून चालत जात नाही. ते माणसाबरोबर जाते. अलेंबिकमध्ये ते शिष्यांबरोबर गेले.

1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशाखेत विलीन झाले. इमारत उभी आहे, नाव टिकून आहे. परंतु तेथे कोण शिकले, कोणत्या गिरणीत वा रंगशाळेत गेले आणि तेथे त्यांनी काय बदलले, याचा वृत्तान्त संस्थेच्या दप्तरापेक्षा घरोघरीच्या पेट्यांत सापडण्याचा संभव अधिक. आजोबांची प्रमाणपत्रे, रंगांचे नमुने चिकटविलेल्या वह्या, यंत्रांच्या आकृत्या हे सारे वाडे पाडले जाताना रद्दीत जाते. आम्ही जुन्या कुटुंबांना आग्रहाची विनंती करतो की, असे काही हाती आल्यास ते टाकू नये. मंडळाकडे अथवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे त्याची निदान एक प्रत द्यावी. विद्या आणि उद्योग यांच्या मैत्रीवर आज नव्याने योजना आखणाऱ्यांना आपल्याच गावचा हा जुना अनुभव उपयोगी पडेल, आणि तो त्यांच्या हाती देणे हे आपलेच काम आहे.