दोन झोतांची गाठ

तापवले की रासायनिक क्रिया वेग घेते. स्वान्ते अर्‍हेनियसने १८८९ मध्ये याचे सूत्र मांडले. पुढे माक्स ट्राउट्झ आणि विल्यम लुइस यांनी त्यामागे टकरींचे चित्र उभे केले, की पुरेशा जोराने आदळणारे रेणूच बदलतात. मात्र तापमान ही सरासरी आहे. पात्रात मंद आणि वेगवान रेणू एकत्र नांदतात, त्यामुळे नेमकी कोणती टक्कर फळली हे समजत नाही. रेणूंचे दोन झोत निर्वातात एकमेकांना छेदू देण्याची पद्धत या सरासरीवरच्या अविश्वासातून जन्मली, असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल, ती तर चांगल्या पंपांची देणगी. पंपांशिवाय ती अशक्य होती, हे खरेच. पण रेणूंचा झोत लुई दुनोयेने १९११ मध्येच काढला होता आणि तापलेल्या तारेवर अल्कली अणूंचे आयन होतात हेही १९२० च्या दशकात माहीत होते. एलिसन टेलर आणि शेल्डन डॅट्झ यांनी ओक रिजमध्ये पोटॅशियम आणि हायड्रोजन ब्रोमाइड यांचे झोत छेदले, ते १९५५ मध्ये. त्यांची युक्ती साधी आणि सुंदर होती: टंगस्टनची तार पोटॅशियम आणि पोटॅशियम ब्रोमाइड दोन्ही टिपते, प्लॅटिनमची मुख्यतः पोटॅशियमच. दोन नोंदींच्या फरकात नवजात रेणू सापडला.

ही पद्धत अल्कली धातूंपुरतीच, हा आक्षेप तेव्हा रास्त होता. डडली हर्शबाख यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेत युआन ली यांनी १९६७ मध्ये वस्तुमान वर्णपटमापी जोडलेले यंत्र उभारून तो मोडीत काढला. या दोघांना जॉन पोलान्यींसह १९८६ चे नोबेल मिळाले.

जोर वाढवला की क्रिया वाढते, हा समज मात्र टिकला नाही. रिचर्ड बर्नस्टाइन यांच्या गटाने १९७० च्या दशकाच्या आरंभी पोटॅशियम आणि मिथिल आयोडाइड यांची टक्कर तपासली. ऊर्जा वाढत गेली तशी क्रियेची शक्यता आधी चढली, सुमारे ०.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्टपाशी शिखर गाठून उतरू लागली. हायड्रोजन क्लोराइडचे आणखी निराळे: त्या रेणूच्या कंपनात एक पुंज घातला, तर पोटॅशियमशी त्याची क्रिया सुमारे शंभरपट वाढते. ऊर्जा किती, याइतकेच ती रेणूच्या धावेत आहे की कंपनात, यालाही महत्त्व आहे, आणि गरम पात्राला हा भेद दाखवताच येत नाही.