सड्यावरची रेघ : कातळशिल्पांचे रेखाटन, हात आणि ड्रोन

१/ रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर, उघड्या जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे आता अनेकांना परिचित आहेत. चित्रकलेचे विद्यार्थी त्यांची रेखाटने करतात आणि संगणकावर ती पूर्ण करतात. मात्र अशा रेखाटनातील प्रत्येक रेघ हे एक विधान असते : ‘येथे माणसाने खोदले आहे.’ हे विधान कशाच्या आधारे करावे, हा या धाग्याचा विषय.

२/ पहिली अडचण आकाराची. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहरेषेच्या आत अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. शेजारी उभे राहिल्यास चर दिसतात, हत्ती दिसत नाही.

३/ ही अडचण ड्रोनने दूर केली. एकमेकांवर थोडी चढणारी अनेक छायाचित्रे वरून घेऊन ती संगणकावर जोडली, की संपूर्ण आकृती प्रमाणबद्ध दिसते.

४/ पण यंत्रालाही मर्यादा आहेत. जांभा सच्छिद्र असतो. भर दुपारच्या छायाचित्रात नैसर्गिक भेग, पाण्याने झिजलेली खाच आणि माणसाने खोदलेला चर यांतील भेद सहज हरवतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चराची कड सावली धरते, आणि बोट फिरवल्यावर ती हाताला कळते. म्हणून दोऱ्यांनी चौकटी आखून, आलेखकागदावर प्रत्यक्ष जागेवर केलेले रेखाटन आजही आवश्यक ठरते.

५/ हात आणि यंत्र यांची ही जोडी नवी नाही. अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या, पुढे कॅमेराही हाती घेतला. त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या.

६/ त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने केले. ते १८८५ पर्यंत चालले. त्याच वर्षी लंडनमधील संग्रहालयाच्या आगीत त्यांतीलही अनेक चित्रे जळाली. जे उरले त्याच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंड छापले गेले. त्यांत हाताने केलेल्या प्रतिकृती, रंगीत शिळाछाप आणि छायाचित्रे एकत्र आली.

७/ या प्रकल्पाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण चढवले गेले आणि त्याने मूळ चित्रांचीच हानी झाली. सड्यावर चर उठून दिसावा म्हणून त्यात खडू, चुना वा रंग भरणे ही त्याच चुकीची पुनरावृत्ती होय.

८/ संगणकाचा खरा उपयोग येथे होतो. मूळ कातळाला स्पर्श न करता छायाचित्रावर वेगवेगळे थर ठेवता येतात : एका थरात निश्चित चर, दुसऱ्यात झिजलेली, संशयित रेघ तुटक स्वरूपात, तिसऱ्यात नैसर्गिक भेगा. प्रमाणपट्टी, उत्तर दिशा आणि दिनांक त्याच पानावर. रंगछटा त्यानंतर. कल्पनेने जोडलेला भाग वेगळ्या थरात राहिला, तर पुढचा अभ्यासक तो बाजूला काढून मूळ पुरावा पाहू शकतो.

९/ हा काटेकोरपणा का? सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी तुडवून, गावकऱ्यांना विचारून ही शिल्पे उजेडात आणली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही जिल्ह्यातील ७ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. तरीही चिरेखाणी, रस्ते, पावसाळी झीज आणि पर्यटकांची पावले यांपासून सडा सुरक्षित नाही.

१०/ कातळावरील एखादी आकृती उद्या पुसली गेली, तर मागे रेखाटनच उरेल. त्यात आपण काय पाहिले आणि काय कल्पिले, हे शंभर वर्षांनंतरच्या वाचकालाही वेगळे करता यावे. तेवढे साधले, तर विद्यार्थ्याची वही हेही इतिहासाचे साधन ठरते.